दहा युनिट इन्सुलिन लिहून दिलंय, पेन अकरा दिवस फ्रीजमध्येच आहे

प्रश्न

नमस्कार. लिहू की नको करत आठवडा गेला, आज लिहूनच टाकते.

मला टाईप २ मधुमेह आहे, चौदा वर्षं झाली. वय ५२, वजन ६८ किलो, शाळेत गणित शिकवते. सुरुवातीला नुसतं मेटफॉर्मिन होतं, मग ग्लिमेपिराइड आलं, मग तिसरी गोळी. मधली काही वर्षं बरी गेली. गेल्या वर्षापासून मात्र काहीही केलं तरी सकाळची साखर खाली यायला तयार नाही. रोज पाऊण तास चालते, जेवणाच्या वेळा पाळते, तरी ओळीने तीन दिवस उपाशीपोटी १९६, २११, २०४. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ९.४.

डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, आता रात्री एक इंजेक्शन सुरू करू. ग्लार्जिन नावाचं लांब चालणारं इन्सुलिन, १० युनिट, झोपताना. पेन कसं धरायचं ते मिनिटभर दाखवलं, तोवर पुढचा पेशंट दारात उभा. मी मान डोलावली आणि बाहेर पडले. एकही प्रश्न विचारला नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.

त्याला आज अकरा दिवस झाले. रोज रात्री फ्रीजचं दार उघडते, खोका बघते, दार लावते.

माझ्या आईला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होते. काचेची बाटली असायची, ती दोन तळहातांत धरून घोळवायची आणि मग सिरिंजमध्ये ओढायची. आत दुधासारखं पांढुरकं काहीतरी. सुरू केलं आणि दीड वर्षात तिची नजर गेली. पुढे पायाचं बोट काढावं लागलं. एका पहाटे ती घामाने निथळलेली, मला ओळखेना, ती पहाट मी विसरू शकत नाही. घरात सगळे एकच म्हणायचे, इन्सुलिन लागलं आणि ती गेली. त्यामुळे 'इन्सुलिन' म्हटलं की मला औषध आठवत नाही, आई आठवते.

आता माझे प्रश्न. एकदा घेतलं की कधीच सुटत नाही का? नवऱ्याला रात्रपाळी असते, घरी मी आणि माझी सोळा वर्षांची मुलगी. झोपेत साखर उतरली तर मला कळेल का? चौदा वर्षं सगळं पाळूनही इथवर आले, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं का? आणि शेवटचं, १० म्हणजे १०च ना? रोज तेवढंच घ्यायचं आणि विसरून जायचं, असंच ना?


प्रतिसाद १

ताई, मी तीन वर्षं घेतेय. सुईची भीती असेल तर ती आधी मनातून काढा. पेनची सुई आता ४ मिलिमीटरची मिळते, केसासारखी बारीक. साखर बघायला बोट टोचता ना, त्याच्या निम्मंसुद्धा दुखत नाही. मी पहिल्यांदा टोचलं तेव्हा गेली की नाही हे बघायला वाकून पाहिलं होतं.

एक मात्र आजच बघा. पेन फ्रीजमध्ये कुठे ठेवलंय? बर्फाच्या कप्प्याला चिकटून असेल तर बाजूला घ्या. एकदा गोठलं की ते फुकट, नंतर वितळून दिसायला चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत राहायला हवं. ग्लार्जिन उघडल्यावर ३० अंशांच्या आत बाहेरच ठेवा, ते २८ दिवस चालतं. फ्रीजमधून काढून लगेच टोचलं तर चुरचुरतं, म्हणून पहिल्या दिवशी थोडा वेळ आधी काढून ठेवा.


प्रतिसाद २

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्या एका गैरसमजात माझे आठ महिने गेले.

१० म्हणजे १०च नाही. १० ही सुरुवात आहे.

मी लेथवर काम करतो. वय ५८, वजन ८४ किलो, मधुमेहाला सतरा वर्षं. इन्सुलिन सुरू झालं तेव्हा माझं एचबीए१सी १०.१ होतं. मलाही १० युनिटच लिहून दिलं. मी ते इमानदारीने, एकही दिवस न चुकवता, आठ महिने घेतलं. सकाळची साखर २२० वरून १९० वर आली आणि तिथेच बसली. मला वाटलं, माझ्या नशिबात एवढंच. ज्या दवाखान्यात जात होतो तिथे दर वेळी कागद बघायचे, 'आहे तेच चालू ठेवा' लिहायचे. आठ महिन्यांनी एचबीए१सी ८.९. बायको म्हणाली, टोचून घेऊन एवढंच होणार असेल तर कशाला. मीही सोडायच्या बेतात होतो.

मग दुसऱ्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "डोस शेवटचा कधी वाढवला?" मी म्हटलं, वाढवायचा असतो हेच मला माहीत नव्हतं. त्यांनी समोर बसवून समजावलं ते असं.

लांब चालणारं इन्सुलिन जेवणासाठी नसतं. रात्री आपण झोपतो, पण यकृत जागं असतं, ते रक्तात थोडी थोडी साखर सोडत राहतं. अंगात इन्सुलिन पुरेसं असेल तर यकृताला लगाम राहतो. कमी पडलं की ते सोडतच जातं, आणि आपण काही न खाता सकाळी २०० बघतो. तुम्ही चालता, जेवण पाळता, तरी सकाळचा आकडा हलत नाही, याचं कारण बहुतेक हेच असणार. रात्रीचं ग्लार्जिन हा लगाम आहे. आता कोणाच्या यकृताला किती लगाम पुरेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मुद्दाम थोडक्यात सुरू करतात, १० युनिट किंवा वजनाच्या किलोमागे ०.१ ते ०.२ युनिट. तुमच्या ६८ किलोला ते ७ ते १४ होतं, म्हणजे तुमचे १० बरोबर मधोमध बसतात. पुढचं सकाळचा आकडा ठरवतो. मला सांगितलं होतं, दर तीन दिवसांनी उपाशीपोटीचे आकडे बघायचे, १३० च्या वर असतील तर २ युनिट वाढवायचे. ८० ते १३० च्या मध्ये आले की थांबायचं. ७० च्या खाली एकदा जरी गेलं आणि कारण सापडलं नाही, तर डोस दहा ते वीस टक्क्यांनी कमी करायचा आणि फोन करायचा.

लेथवर आम्ही पहिला कट कधीच पूर्ण खोलीचा घेत नाही. थोडा घ्यायचा, मोजायचं, पुन्हा घ्यायचा. पहिला कट घेऊन मशीन बंद करून घरी जाणारा कारागीर नसतो. मी मात्र आठ महिने तेच करत होतो.

तर मी वाढवत गेलो. १२, १४, १६. वहीत रोज सकाळचा आकडा. २४ ला पहिल्यांदा १५० च्या खाली आलो. ३६ ला एका पहाटे ६६ आलं, हात कापत होते, म्हणून ३२ वर उतरलो आणि आजतागायत ३२ वरच आहे. उपाशीपोटी ९५ ते १२० च्या मध्ये असतं. त्यानंतरच्या तपासणीत एचबीए१सी ७.२ आलं. इन्सुलिन तेच, पेन तेच.

हे आकडे माझे आहेत, तुमचे वेगळे येतील. डॉक्टरांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: किती दिवसांनी किती वाढवू, आणि कोणत्या आकड्याला थांबू. हे कागदावर लिहून घ्या. आणखी एक लिहून ठेवा. डोस किलोमागे ०.५ युनिटच्या पुढे जायला लागला, तुमच्या बाबतीत ३४ च्या आसपास, आणि तरी एचबीए१सी उतरत नसेल, तर नुसतं हेच वाढवत बसायचं नसतं. मग साखर बहुतेक जेवणानंतर चढत असते, तिचा उपाय वेगळा. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर यांत ५० हून जास्त घसरण दिसायला लागली तरी समजा की रात्रीचं जास्त होतंय.

आता दुसरी चूक सांगतो, तीही माझीच. सवयीने मी बेंबीच्या डावीकडे एकाच जागी टोचत होतो. तिथे दुखायचं नाही, म्हणून तीच जागा बरी वाटायची. सहा-सात महिन्यांनी साखर वेड्यासारखी वरखाली व्हायला लागली, एक दिवस १०५, दुसऱ्या दिवशी १८०, काहीही न बदलता. डॉक्टरीण बाईंनी शर्ट वर करायला लावला आणि बोटं फिरवली. मग माझीच बोटं धरून तिथे ठेवली. त्वचेखाली सुपारीएवढी गाठ, रबरासारखी. नुसत्या नजरेला दिसत नव्हती, आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने मात्र नीट कळते. त्या गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी तिथेच राहतं. मी उजवीकडे टोचायला लागलो आणि दुसऱ्याच पहाटे ७१. जागा चांगली मिळाली, सगळंच्या सगळं अंगात गेलं. म्हणून गाठीवरून चांगल्या जागी जाताना डोस आधी कमी करून घ्यावा लागतो, हे मला ७१ पाहिल्यावर कळलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून जागा बदला. पोट आणि मांडी, डावं-उजवं, आणि प्रत्येक टोचणीत निदान एका बोटाचं अंतर.

टोचायची पद्धत मिनिटभरात दाखवली म्हणालात, म्हणून लिहितो. दर वेळी नवी सुई. सुई बसवली की पेन उभं धरून २ युनिट हवेत सोडायचे, टोकावर थेंब दिसला पाहिजे. थेंब दिसला नाही तर पुन्हा. मग आपला डोस लावायचा, सुई सरळ आत, बटण शेवटपर्यंत दाबायचं आणि दाबूनच धरायचं, दहापर्यंत मोजायचं, मग बाहेर. घाईने काढली की त्वचेवर ओला ठिपका दिसतो, तो आत जायला हवा होता. वापरलेली सुई पेनवर तशीच ठेवू नका, हवा आत जाते आणि गळतंही. सुया जाड, झाकण असलेल्या डब्यात टाका.


प्रतिसाद ३

मी सव्वीस वर्षं डोळ्यांच्या विभागात परिचारिका होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. बाळा, तुझ्या आईबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

तुझ्या आईसारख्या कितीतरी बायका मी हाताला धरून आत नेल्या आहेत. सगळ्यांच्या घरी हेच वाक्य: इन्सुलिन लागलं आणि डोळे गेले. पण डोळ्याच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडायला वर्षानुवर्षं लागतात, आणि बराच काळ माणसाला काहीच कळत नाही. वाचता येतं, शिवता येतं, सगळं ठीक चाललंय असं वाटतं. त्या काळात इन्सुलिन सगळ्यात शेवटी द्यायचे, सगळं थकल्यावर. म्हणजे ते पोचायचं तेव्हा नुकसान होऊन बसलेलं असायचं. शेवटी आलेल्याच्या नावावर सगळं खापर फुटलं.

आणि तुझ्या आईची ती बाटली, घोळवायची, पांढुरकी, ते एनपीएच असणार. ते जुनं, १९४० च्या दशकात शोधलेलं. टोचल्यावर काही तासांनी त्याचा जोर एकदम वाढतो. रात्री घेतलं तर तो जोर मध्यरात्र उलटल्यावर येतो, माणूस गाढ झोपेत असताना. ती घामाची पहाट मला नीट दिसली. तुझ्या पेनमधलं ग्लार्जिन तेव्हा नव्हतंच, अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली २००० साली. ते आम्लधर्मी असतं म्हणून पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. त्वचेखाली गेलं की आम्लता निवळते, त्याचा अतिबारीक साका धरतो, आणि तो साका जवळजवळ चोवीस तास हळूहळू विरघळत राहतो. ठळक असा शिखराचा जोर नाही. म्हणूनच ते घोळवायचं नसतं आणि दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनमध्ये मिसळायचंही नसतं. गढूळ दिसलं तर वापरू नकोस. साखर उतरण्याचा धोका याच्यातही आहे, नाही असं मी म्हणणार नाही, पण रात्रीचा धोका त्या बाटलीपेक्षा कमी आहे.

झोपेत कळेल का, विचारलंस. कधी कळतं, कधी नाही कळत. खुणा या: घाम, धडधड, वाईट स्वप्न, सकाळी डोकं जड. सुरुवातीला आणि डोस वाढवलास त्या रात्री गजर लावून ३ वाजता एकदा मोज. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. ते उशाशी ठेव, स्वयंपाकघरात नको. मुलीला शिकव. सोळा वर्षांची पोर हे उत्तम करते. फक्त एक तिला पक्कं सांग: आई शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, मदत बोलवायची. आणि ग्लिमेपिराइडचं डॉक्टरांना आठवणीने विचार. त्या गोळीनेही साखर उतरते, इन्सुलिन सुरू झालं की बऱ्याचदा ती कमी करतात किंवा बंद करतात. मेटफॉर्मिन सहसा चालू राहतं. मूत्रपिंडाचा रिपोर्ट जुना असेल तर तोही करून घे. मूत्रपिंड मंदावलं असेल तर इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं.

तुझं चुकलं का? नाही. ब्रिटनमध्ये यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास झाला, १९९८ साली त्याचे निष्कर्ष आले. त्यातून दिसलं की निदान होतं त्या सुमारासच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम निम्म्यावर आलेलं असतं, आणि पुढे ते घटतच जातं, नीट औषध घेणाऱ्यांचंही. तू चौदा वर्षं गोळ्यांवर काढलीस. त्याच अभ्यासात साखर जास्त काटेकोर ठेवलेल्या गटात, ज्यात इन्सुलिन घेणारेही होते, डोळे आणि मूत्रपिंडासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या तक्रारी पाव हिश्शाने कमी झाल्या. इन्सुलिन डोळे घालवत असतं तर हे झालं नसतं.

मात्र एक गोष्ट लपवणार नाही. पडदा आधीच बराच बिघडलेला असेल आणि साखर फार झपाट्याने उतरवली, तर सुरुवातीचे काही महिने तो बिघाड वाढू शकतो. म्हणून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी या आठवड्यात कर. त्यासाठी इन्सुलिन थांबवून ठेवू नकोस, दोन्ही चालू दे. साखर उतरताना काही आठवडे नजर धूसर वाटते, तेव्हा घाबरू नकोस. ते बहुधा डोळ्यातल्या भिंगाचं असतं, ते जागेवर येतं. चष्म्याचा नवा नंबर मात्र त्या काळात काढू नकोस, वाया जाईल.

सुटतं का? काहींचं सुटतं. गरोदरपणात, मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी देतात आणि नंतर बंदही करतात. वजन उतरलं, दुसरी औषधं लागू पडली तर डोस कमी होतो. तुझ्यासारखी चौदा वर्षं झाली असतील तर बहुधा लागत राहील. पण हे शरीर आधी स्वतःच बनवत होतं, ते आता बाहेरून द्यायचं, इतकंच. याची सवय जडत नाही.


प्रतिसाद ४

माझ्या वडिलांचं मी बघते. वरती सगळं आलंय, फक्त आमच्याकडे घडलेलं एक सांगते.

बाबा २४ युनिट घेतात. एका रात्री साडेनऊला घेतलं, टीव्ही बघता बघता डोळा लागला, साडेअकराला उठले आणि वाटलं घ्यायचं राहिलंच. पुन्हा २४. मला त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणून कळलं, कचऱ्याच्या डब्यात दोन सुया निघाल्या. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आत गेलेलं बाहेर काढता येत नाही, दर तासाला मोजा, खायला देत राहा, आणि एका रात्रीत संपलं असं समजू नका, उद्या दिवसभरही लक्ष ठेवा, कारण हे चोवीस तास चालतं. पहाटे चार वाजता ६३ आलं. मी साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी ८२. दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा एकदा ६८.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. पेनच्या खोक्याला दोऱ्याने पेन्सिल बांधली आहे. टोचलं की खोक्यावरच तारीख लिहायची, बटणावरून अंगठा काढायच्या आधी दुसऱ्या हाताने पेन्सिल उचलायची. तारीख लिहिलेली नसेल आणि आठवतही नसेल, तर त्या रात्री घ्यायचं नाही. एक रात्र चुकली तर सकाळी साखर वाढलेली दिसेल, डॉक्टरांना विचारून पुढचं ठरवता येतं. दोनदा गेलं तर ती रात्र माझ्यासारखी काढावी लागते.

आणि झोपेची वेळच हवी असं काही नाही. ग्लार्जिन रोज एकाच वेळी घेतलं म्हणजे झालं. तुम्हाला रात्रीची भीती जाईचना तर सकाळी घेऊ का, हे डॉक्टरांना विचारा.


प्रश्नकर्ती, दहा दिवसांनी

सगळ्यांचं वाचलं, काही तर चार-चार वेळा. लगेच लिहिलं नाही, कारण आधी करायचं होतं.

त्याच रात्री घेतलं. सुई बसवली, २ युनिट सोडले, थेंब आला. तो थेंब मी बराच वेळ बघत बसले. इतका स्वच्छ. आईच्या बाटलीतलं ते पांढुरकं डोळ्यासमोर होतं आणि हातात हे. मुलगी शेजारी बसली होती, ती मोठ्याने दहापर्यंत मोजत होती, आणि सातला मला लक्षात आलं की टोचून झालंय आणि मला काहीही दुखलेलं नाही. मग मात्र रडले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला, प्रश्न कागदावर लिहून. ते चांगलं बोलले, विचारलं असतं तर त्या दिवशीही बोलले असते असं वाटलं. ग्लिमेपिराइड निम्मी केली. दर तीन दिवसांनी २ वाढवायचे, १३० च्या आत आलं की थांबायचं, ७० च्या खाली गेलं तर त्याच दिवशी फोन.

आकडे लिहिते, काका, तुमच्यासाठी. १० वर १९८, १९३, १९४. १२ वर १८५, १७९, १८२. १४ वर १७०, १७४, १६६. काल रात्रीपासून १६, आज सकाळी १६१. चौकटीच्या कागदावर आलेख काढलाय, रेघ सरळ नाही पण उतरती आहे. पहिली रात्र आणि मग डोस वाढवला त्या तीन रात्री ३ वाजता उठून मोजलं, सगळ्यात कमी १४८ होतं. साखरेची पुडी आणि पाणी उशाशी असतं.

एक हिशेब आधीच करून ठेवला. पेनमध्ये ३०० युनिट. १० घेताना रोजचे २ धरून १२ खर्च होत होते, म्हणजे २५ दिवस पुरलं असतं. १६ वर १८ जातात, मग फक्त १६. डोस वाढेल तसं पेन लवकर संपेल, २८ दिवसांची मुदत गाठायची वेळच येणार नाही. नवीन पेन वेळेवर आणून ठेवायचं.

पडद्याची तपासणी केली. दोन्ही डोळ्यांत सुरुवातीचे बदल आहेत, बारीक ठिपके. सध्या काही करायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. ताई, तुम्ही म्हणालात तेच खरं, मला काहीच जाणवत नव्हतं, मी फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून वाचते. ते ठिपके इन्सुलिनच्या आधीचे आहेत. घरी आल्यावर मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं.


प्रतिसाद २

१९८ वरून १६१. ताई, हे वाचून फार बरं वाटलं. मला ही घसरण बघायला आठ महिने लागले होते. अजून १३० लांब आहे, मध्ये दोन-चार दिवस आकडा अडेल, तेव्हा वाढवायचं सोडू नका. जागा बदलताय ना?


प्रश्नकर्ती

रोज. खोक्याला पेन्सिल बांधली आहे. तारखेपुढे पो.डा., पो.उ., मां.डा., मां.उ. असं लिहिते. आज मां.उ.